समुद्रशास्त्र आणि खाडीकांठचीं माणसें

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली हीं गांवें आज आगगाडीच्या वेळापत्रकावरून ओळखलीं जातात. परंतु त्यांचा मूळ पिंड पाण्याचा आहे, ही गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांच्या ध्यानांत नसते. उल्हास नदी घाटावरून उतरून कर्जत, बदलापूर या वाटेनें कल्याणास येते. तेथें तिला समुद्राची भरती भेटते, आणि पुढें डोंबिवली व मुंब्रा यांच्या कडेनें ती खाडी होऊन ठाण्याच्या उत्तरेस वळते व वसईजवळ समुद्राला मिळते. ठाण्याच्या पूर्वेस दुसरी खाडी आहे. ती दक्षिणेकडे रुंद होत होत मुंबई बंदरांत उतरते. या दोन पाण्यांना जोडणारा एक चिंचोळा फांटा ठाण्याजवळ आहे, व त्यामुळेंच साष्टीला बेट म्हणतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आल्यावर शिवाजीमहाराजांनीं आपल्या आरमाराचा आरंभ याच खाडीवर केला. १८५३ च्या १६ एप्रिलला पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली. दुसऱ्याच वर्षीं खाडीवर पूल होऊन ती कल्याणपर्यंत गेली. आणि तेव्हांपासून या गांवांनीं पाण्याकडे हळूहळू पाठ फिरविली.

पाठ फिरविली असें म्हटलें, तरी ती सर्वांनीं फिरविली नाहीं. खाडीच्या कडेचे कोळी व आगरी पुढेंही कित्येक पिढ्या त्याच पाण्यावर जगले. मी डोंबिवलीस राहतों, पण माझें आजोळ ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यांत आहे. आजी सांगते कीं, ती लग्न होऊन आली तेव्हां घरासमोरच्या खाडींत एका भरतीला पाटी भरे. त्या पाटींत काय काय असे याची तिची यादी मला पाठ झाली आहे : बोय, शिंगाळी, काळुंदर, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या, खडकावरून फोडून काढलेलीं कालवें, आणि नशीब असेल त्या दिवशीं एखादा जिताडा. आज तीच आजी पहांटेच्या गाडीनें भाऊच्या धक्क्यावर जाते, खोल समुद्रांतून आलेली मासळी लिलांवांत घेते आणि ठाण्याच्या बाजारांत आणून विकते. आजोबांचा पाग खुंटीला आहे. वर्षांतून दोनदां ते तो उतरवून उन्हांत घालतात, तुटलेल्या गांठी पुन्हां बांधतात आणि परत खुंटीला लावतात.

आपल्या देशांत समुद्राचा अभ्यास करणाऱ्या मोठमोठ्या संस्था आहेत, हें जेव्हां आम्हांला शास्त्राच्या तासाला समजलें, तेव्हां माझ्या मनांत पहिला प्रश्न आला तो हा, कीं त्यांच्या ज्ञानाचा माझ्या आजोबांना काय उपयोग झाला ? या प्रश्नाचा पाठपुरावा करीत मीं गेलें वर्षभर जें वाचलें, ऐकलें व पाहिलें, तें येथें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम या संस्थांची ओळख करून घेऊं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ३ फेब्रुवारी १९४७ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्याच्या सहा महिने आधीं, स्थापन झाली. तिचें मुख्य ठिकाण आज कोची येथें असून मुंबईंतही तिचें केंद्र आहे. मुंबईंत वर्सोवा येथें १९६१ सालीं केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली. १९६० ते १९६५ या काळांत अनेक राष्ट्रांच्या जहाजांनीं मिळून हिंदी महासागराचें संशोधन केलें. त्याचें फळ म्हणून १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली, व ती गोमंतकांत दोनापावल येथें आहे. १९९९ सालीं हैदराबादेस महासागर माहिती सेवेचें राष्ट्रीय केंद्र सुरू झालें. या सर्वांचा खर्च सरकारी तिजोरींतून होतो, आणि ती तिजोरी तुमच्या आमच्या करांनीं भरते. आजी साबणाची वडी विकत घेते, तेव्हां तिच्याही पदरचे कांहीं पैसे त्या तिजोरींत पडतात. म्हणून या ज्ञानांत तिचा वांटा आहे असें मी म्हणतों, तें भीक मागण्याच्या बुद्धीनें म्हणत नाहीं.

जेथें उपयोग झाला आहे तें आधीं सांगणें न्यायाचें होईल. हैदराबादच्या केंद्राकडून मासळी मिळण्याचा संभव असलेल्या जागांची सूचना निघते. तिच्यामागचें शास्त्र सोपें आणि सुंदर आहे. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता मोजतो, आणि पाण्याच्या रंगावरून त्यांतील हरितद्रव्याचा अंदाज घेतो. जेथें उबदार आणि थंड पाण्याची सीमा जुळते, तेथें सूक्ष्म वनस्पती गोळा होतात. त्यांच्यामागें सूक्ष्म प्राणी येतात, त्यांच्यामागें लहान मासे, आणि त्यांच्यामागें मोठे. ही सीमा नकाशावर ओळखून किनाऱ्यावरील अमुक ठिकाणापासून अमुक दिशेस, इतक्या अंतरावर, इतक्या खोलींत मासळी मिळण्याचा संभव आहे असें केंद्र कळवितें, आणि तें मराठींतही कळवितें. त्यामुळें शोधांत जाणारा वेळ आणि तेल वांचतें. आकाश ढगाळ असेल तर उपग्रहाला खालचें दिसत नाहीं. पावसाळ्यांत जून व जुलै महिने यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते. त्या काळांत ही सूचना निघत नाहीं. आपल्याला काय दिसत नाहीं हें ज्या शास्त्रानें आधींच सांगितलें, त्यावर नाखव्याचा विश्वास लवकर बसतो.

वादळाच्या सूचनेचा इतिहास याहून जुना आहे. इंग्लंडांत ॲडमिरल फिट्झरॉय यांनीं १८६१ सालीं बंदरांवर वादळाचीं चिन्हें चढविण्याची पद्धत सुरू केली. कापडाचे मोठे शंकु आणि पिंपें यांच्या मांडणीवरून कोणत्या दिशेचें वादळ येत आहे हें अक्षरशून्य कोळ्यालाही लांबून कळे. आपल्या कोंकणांत 'तीन नंबरचा बावटा लागला' हे शब्द कोणत्याही म्हातारीला समजतात, तें त्याच घराण्यांतलें ज्ञान आहे. परंतु बावटा बंदरावर लागतो, आणि होडी असते दूर समुद्रांत. नोव्हेंबर २००९ मध्यें 'फयान' वादळ आलें तेव्हां कोंकणांतल्या कित्येक होड्या बाहेर होत्या, आणि त्यांतले कित्येक खलाशी परत आले नाहींत. त्यानंतर दहा वर्षांनीं, २०१९ सालीं, हैदराबादच्या केंद्रानें 'जेमिनी' नांवाचें एक लहानसें यंत्र पुढें आणलें. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांची हद्द जेथें संपते, तेथेंही तें उपग्रहाकडून सूचना घेऊन खलाशाच्या हातांतील भ्रमणध्वनीवर उतरवितें. सूचना वेळेवर निघणें आणि ती वेळेवर पोंचणें यांत केवढें अंतर असतें, व तें कापण्यास किती वर्षें लागतात, हें या एका उदाहरणावरून दिसेल.

तिसरें उदाहरण जुन्या ठाणें जिल्ह्याचें आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा निघाला. तोंपर्यंत पापलेटासाठीं नांवाजलेलें सातपाटी बंदर आपल्याच जिल्ह्यांत होतें. मत्स्यसंशोधन संस्थेचे लोक किनाऱ्यावरील धक्क्यांवर जाऊन उतरणारी मासळी मोजतात, तिची लांबी व वजन टिपतात, आणि कोणत्या लांबीला कोणता मासा प्रथम अंडीं घालण्यास योग्य होतो याचा छडा लावतात. त्यांतून असें निष्पन्न झालें कीं, पापलेटाचीं पिल्लें वाढण्याआधींच जाळ्यांत जात आहेत. २०२३ सालीं महाराष्ट्रानें पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला, आणि त्याच वर्षीं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी कायद्यानें ठरविली. पापलेटाला ती १३५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें टीचभर, आहे. अर्थात् डोलींत शिरलेलें पिल्लूं बाहेर काढून मोजेपर्यंत मेलेलें असतें; म्हणून जाळ्याचा आस मोठा ठेवणें हाच खरा उपाय आहे. तें काम कायद्याच्या कागदापेक्षां जाळें विणणाऱ्या हातांकडून व्हावयाचें आहे.

हीं तिन्ही उदाहरणें मोठ्या समुद्राचीं झालीं. गुडघाभर चिखलांत उभा राहून पाग फेंकणाऱ्या माणसाला उपग्रहाच्या सूचनेचा उपयोग नाहीं. त्याचें क्षेत्र अर्ध्या कोसाचें. त्याला आपल्याच दारच्या पाण्याविषयीं ज्ञान पाहिजे. तें ज्ञान अस्तित्वांत आहे काय, हें पाहण्यासाठीं मीं गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एक प्रयोग केला.

ठाण्याची खाडी ही देशांतल्या पुष्कळ अभ्यासिलेल्या खाड्यांपैकीं एक आहे. समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनीं तिचें पाणी तपासलें आहे, आणि खाडीच्या कांठींच असलेल्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयांतील प्राध्यापक व विद्यार्थी यांनींही तिच्यावर वर्षानुवर्षें काम केलें आहे. खाडीवरचा एक इंग्रजी संशोधन-निबंध मीं संगणकावर मिळविला, शब्दकोश घेऊन चार दिवस बसलों, आणि त्याचा सारांश मराठींत दोन पानें लिहून आजोबांना वाचून दाखविला.

त्याचा आशय थोडक्यांत असा होता. माशालाही श्वासाला प्राणवायु लागतो, आणि तो पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूंतून मिळतो. सांडपाणी खाडींत आलें म्हणजे त्यांतली घाण कुजविणारे सूक्ष्म जंतु तोच प्राणवायु वापरून टाकतात. मुंबई बंदराकडे खाडी रुंद आहे, तेथें दर भरतीला ताजें पाणी येऊन घाण धुऊन जाते. पण ठाण्याकडचें टोंक अरुंद आणि उथळ आहे. तेथें गाळ सांचतो, पाणी पुरतें पालटत नाहीं, व तेंच पाणी पुढें मागें झुलत राहतें. म्हणून या टोंकाला प्राणवायु कमी पडतो आणि माशांच्या जाती घटत जातात.

आजोबांनीं सर्व लक्षपूर्वक ऐकलें. निवटीचें लॅटिन नांव 'बोलेऑफ्थॅल्मस' असें आहे हें ऐकून ते हंसले, आणि नांव माशापेक्षां लांब आहे असें म्हणाले. मग ते गंभीर झाले. "मासळी कमी झाली हें आम्हांला विचारलें असतें तर एका दुपारीं सांगितलें असतें," ते म्हणाले, "पण पाण्यांतली हवा मोजतां येते हें मला कोणी सांगितलें नव्हतें." यानंतर त्यांनीं मला तीन प्रश्न विचारले. ही हवा कोणत्या तिथीला सर्वांत कमी असते ? खाडीच्या कोणत्या अंगाला ती अजून बरी आहे ? आणि सांडपाणी शुद्ध करून सोडलें, तर किती वर्षांनीं मासा परत येईल ?

मीं निबंध पुन्हां उलगडून पाहिला. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर एका कोष्टकांत सांपडलें. तिसऱ्याविषयीं कांहीं नव्हतें. पहिल्या प्रश्नाच्या बाबतींत मोठी चमत्कारिक गोष्ट दिसली : पाणी कोणत्या महिन्यांत तपासलें हें लिहिलें होतें, परंतु तिथी कोठेंही नव्हती.

शहरांतल्या वाचकाला तिथीचें महत्त्व लक्षांत येणार नाहीं म्हणून थोडा खुलासा करतों. आमच्याकडे भरतीची वेळ काढण्याचा एक तोंडी हिशेब आहे. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरती किती वाजतां पूर्ण होईल तें साधारण कळतें. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणून अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. चंद्र रोज सुमारें पाऊण तास उशिरा येतो व भरतीही तितकीच मागें सरते. सारें गणित एवढेंच. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास पाणी जोरानें चढतें व उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास त्याचा जोर मोडतो, तो भांग. आतां विचार करा. उधाणाला खाडी धुऊन निघते, भांगाला पाणी पडून राहतें. तेव्हां प्राणवायु कोणत्या दिवसांत खालावण्याचा संभव अधिक, हें आजोबांच्या प्रश्नांतच गर्भित होतें. घड्याळ न वापरणाऱ्या माणसानें शास्त्रज्ञाला विचारण्याजोगा नेमका प्रश्न विचारला होता, आणि त्याचें उत्तर देण्यास नवें जहाज किंवा नवी प्रयोगशाळा लागत नाहीं. पाणी तपासल्याचा दिनांक नोंदवहींत असणारच. पंचांग शेजारीं ठेवून तेच आंकडे तिथीवार मांडले कीं झालें.

यावरून माझें असें मत बनलें आहे कीं, संशोधन आणि लोक यांच्यामध्यें जी दरी आहे ती केवळ इंग्रजी भाषेची नाहीं. इंग्रजीचें मराठी करणें हें पहिलें काम खरें. पण आंकडे ज्याच्या हातीं द्यावयाचे, त्याच्या दिनक्रमाला धरून ते मांडणें, माशाला त्याच्या बाजारांतल्या नांवानें हांक मारणें, आणि मुख्य म्हणजे शोधाला आरंभ करण्यापूर्वीं त्याला काय जाणून घ्यावयाचें आहे हें विचारणें, हीं कामें त्याहून अवघड आहेत. संशोधक किनाऱ्यावर येतात तेव्हां कोळीण आपली पाटी त्यांच्यापुढें मोकळी करते, त्यांना मोजूं देते, विचारलेलें सांगते. त्या मापांतून शेवटीं काय निघालें हें तिला परत येऊन सांगणारा क्वचितच भेटतो.

अशी देवघेव होऊं शकते याचा एक सुंदर दाखला इतिहासांत आहे. अमेरिकेच्या आरमारांत मॅथ्यू मॉरी नांवाचे एक अधिकारी होते. १८४२ सालीं सरकारी नकाशांचें भांडार त्यांच्या ताब्यांत आलें. तेथें जहाजांच्या जुन्या नोंदवह्यांचे ढीग पडून होते. मॉरी यांनीं त्या वाचून वारे व प्रवाह यांच्या नोंदी एकत्र केल्या आणि १८४७ पासून त्यांचे नकाशे छापण्यास आरंभ केला. त्यांनीं एक नियम ठेवला : जो कप्तान आपल्या सफरीची रोजची नोंद ठराविक नमुन्यावर लिहून पाठवील, त्याला नकाशे फुकट मिळतील. नकाशा हातीं आल्यानें सफरीचे दिवस वांचूं लागले, म्हणून कप्तान नोंदी पाठवूं लागले. नोंदी आल्यानें नकाशे सुधारूं लागले. १८५३ सालीं, म्हणजे ठाण्यास आगगाडी आली त्याच वर्षीं, ब्रुसेल्स येथें अनेक राष्ट्रांची परिषद भरून समुद्रावरील नोंदींचा एकच नमुना ठरला. खलाशी हा शास्त्राचा भागीदार झाला, आणि भागीदाराला हिशेब द्यावाच लागतो.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येक संशोधनाकडून तात्काळ उपयोगाची अपेक्षा करणें हें ज्ञानाचा अपमान करणें आहे. या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे. समुद्रांतील सूक्ष्म वनस्पतींच्या रंगाचा अभ्यास ज्यांनीं आरंभिला, त्यांना त्यांतून पुढें कोळ्याच्या तेलाची बचत होईल हें कोठें ठाऊक होतें ? असें निरपेक्ष संशोधन चाललेंच पाहिजे. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, जें उपयोगी ठरण्याजोगें ज्ञान तयार होऊन कपाटांत पडलें आहे, त्याला दार उघडून द्यावें. दुसरा आक्षेप मला अधिक विचार करण्यासारखा वाटतो. मासा कोठें आहे हें सर्वांना कळलें, तर मोठीं जाळीं असलेले तो लवकर संपवितील. हें भय निराधार नाहीं. डॉ. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालाचा आधार घेऊन महाराष्ट्र सरकारला फेब्रुवारी २०१६ मध्यें पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले, तें अशाच कारणानें. मासा कोठें आहे हें सांगणाऱ्या शास्त्रानें तो किती धरावा हेंही तितक्याच मोठ्यानें सांगितलें पाहिजे. आणि तें ऐकण्याची तयारी कोळीवाड्यानेंही ठेविली पाहिजे. आजोबा म्हणतात कीं, श्रावणांतल्या नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याचा रिवाज पूर्वजांनीं घातला, त्यांत देवाची भीति होती तसा माशाचा विचारही होता.

आपल्या खाडीचें आणखी एक वैशिष्ट्य सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. दर हिवाळ्यांत येथें हजारों रोहित पक्षी उतरतात व ओहोटीचा चिखल गुलाबी होऊन जातो. २०१५ सालीं खाडीचा सुमारें १७ चौरस किलोमीटर भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य झाला, आणि २०२२ सालीं सुमारें ६५ चौरस किलोमीटर क्षेत्राला रामसर यादींत, म्हणजे जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत, स्थान मिळालें. ही आपणां सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. पण अभ्यासकांचें एक मत असें आहे कीं, सांडपाण्याच्या खतावर जें शेवाळ माजतें, तें या पक्ष्यांच्या येथील गर्दीचें एक कारण असावें. ज्या पाण्यानें माझ्या आजोबांचा पाग खुंटीला लावला, त्याच पाण्यानें पाहुण्यांच्या पंगती बसविल्या ! ऐरोलीस वनखात्याचें समुद्री जीवसृष्टीचें केंद्र २०१७ पासून आहे, व तेथून होडींत बसून पक्षी पाहतां येतात. त्याच वर्षीं सरकारनें तिवरांचें रक्षण व उपजीविका यांची सांगड घालणारी एक योजना काढली. तिच्यांत कांठच्या लोकांच्या गटांना चिंबोऱ्या पोसणें, कालवें वाढविणें, पिंजऱ्यांत जिताडा वाढविणें अशीं कामें सरकारी साह्यानें करतां येतात. जिताड्याचें बीज अंड्यांपासून तयार करण्याची विद्या चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेनें साधली आहे. तेथील प्रयोगशाळेंतलें ज्ञान कोंकणांतल्या एखाद्या खाडींत पिंजऱ्याच्या रूपानें तरंगतें, तेव्हां संशोधनाचा पैसा कारणीं लागला असें म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र पिंजऱ्यांतल्या जिताड्यालाही श्वासाला तोच प्राणवायु लागतो, हें विसरून चालणार नाहीं.

आतां आपल्या ठाणें, कल्याण व डोंबिवली या गांवांपुरतें काय करतां येईल ? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्या व खाड्या यांचें पाणी ठरलेल्या ठिकाणीं तपासून आंकडे प्रसिद्ध करतें. ते आंकडे संगणकावर असतात. तेच आंकडे चेंदणीच्या बंदरावर, डोंबिवलीच्या रेतीबंदरावर आणि दुर्गाडीच्या पायथ्याशीं एका साध्या फळ्यावर मराठींत, तिथीसह, लिहिले तर काय बिघडेल ? ही मेहेरबानी मागण्याचीही गरज नाहीं. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याच्या चौथ्या कलमांतच असें सांगितलें आहे कीं, सार्वजनिक माहिती देतांना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागांत परिणामकारक ठरणारी पद्धत यांचा विचार करावा. बंदरावरच्या फळ्याइतकी परिणामकारक पद्धत दुसरी कोणती असणार ?

दुसरें काम आपणां विद्यार्थ्यांना करण्याजोगें आहे. पाण्यांतील प्राणवायु मोजण्याची विंक्लर यांची रीत १८८८ पासून चालत आली आहे. थोडीं रसायनें, एक ब्यूरेट, नीट बंद होणारी बाटली आणि देखरेखीला एक शिक्षक एवढ्यावर ती शाळेच्या प्रयोगशाळेंत होऊं शकते. महिन्यांतून दोन उधाणें व दोन भांग अशा चार दिवशीं कळव्याच्या पुलाजवळचें पाणी आणून आपण तें मोजूं लागलों, तर वर्षअखेरीस अठ्ठेचाळीस आंकडे जमतील. आमच्या मोजणीला तज्ज्ञांच्या मोजणीची किंमत येणार नाहीं; परंतु ती तिथीवार मांडलेली असेल, आणि आजोबांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर तिच्यांत उमटूं लागेल. याखेरीज ज्या मुलांची घरें कोळीवाड्यांत, दिव्यांत, कोपरांत किंवा मोठागांवांत आहेत, त्यांनीं आपल्या आजीआजोबांकडून खाडींतल्या माशांचीं नांवें, त्यांचे दिवस, त्यांच्या जागा लिहून घ्याव्या व शेजारीं शास्त्रीय नांवें जुळवावीं. निवटीचें लॅटिन नांव माशापेक्षां लांब असलें तरी तें जगभर एकच आहे, आणि निवटी हें नांव माहीत असलेलीं माणसें मात्र दरवर्षीं थोडीं होत आहेत.

आजोबांच्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मला अजून मिळालेलें नाहीं. सांडपाणी शुद्ध होऊन आलें तर खाडीला पूर्वस्थितीवर येण्यास किती वर्षें लागतील, हें सांगण्याची साधनें आज आपल्या संस्थांपाशीं आहेत. भरतीचें गणित त्यांना येतें, आणि गाळाचें मोजमापही त्यांच्यापाशीं आहे. हा प्रश्न कोणी त्यांच्यापुढें ठेवला पाहिजे. मीं तो स्वच्छ अक्षरांत मराठींत व इंग्रजींत लिहून काढला आहे. त्याखालीं आजोबांनीं सही केली आहे, आजीनें आपल्या यादींतल्या आठ जातींचीं नांवें घातलीं आहेत, आणि वाड्यांतल्या आणखी अकरा वडीलधाऱ्या माणसांनीं आपलीं नांवें लिहिलीं आहेत. हा कागद आम्ही संशोधन-संस्थेकडे पाठविणार आहोंत. ज्या विद्यार्थिमित्रांच्या घरीं असा एखादा पाग खुंटीला असेल, त्यांनीं आपल्या घरचा प्रश्नही त्या कागदाला जोडण्यासाठीं मजकडे आणून द्यावा.